अंतराळयानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या खिडक्या उजळायच्या: फायबरने की थेट एलईडीने?

खिडक्या बारीक आणि शंभरच्या घरात असतील तर फायबरच, म्हणजे उजेड वाहून नेणारे प्लास्टिकचे बारीक तंतू, घ्यावेत. अर्ध्या मिलिमीटरच्या तंतूला हातड्रिलने 0.6 मिलिमीटरचं भोक पाडा. 5 मिलिमीटरच्या एका एलईडीवर पन्नासेक तंतूंची जुडी सहज बसते. जुडीला हीट गन लावू नका, तंतू 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो. सुपरग्लूही नको. त्याने तंतू ठिसूळ होतो, वाकवताच तुटतो, आणि कवच बंद झाल्यावर ती खिडकी कायमची अंधारी. पांढरा गोंद लावा. नाशिकच्या पावसाळ्यात तो रात्रभर वाळू द्या.

थेट एलईडी स्वस्त आणि झटपट, इंजिनांसाठी तर तोच बरा. 5 व्होल्टवर प्रत्येक पांढऱ्या एलईडीला 150 ओहमचा रेझिस्टर हवा. आतून आधी काळा, मग पांढरा रंग दिला नाही तर प्लास्टिकमधून उजेड झिरपून अख्खं यान आकाशकंदील दिसतं.

यानाला फिरतं कडं असेल तर त्यात मात्र फायबर विसरा. आसावर तंतू पीळ खाऊन तुटतात. तिथे एलईडी, स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज पोचवणारा जोड) आणि एन20 ही छोटी गिअर मोटर. नाशिकच्या एमजी रोडवर मोटर घेताना आरपीएम (मिनिटाला फेरे) आधी सांगा: 10-15 पुरे, 100 ला कडं पंख्यासारखं गरगरतं.