विज्ञानाच्या तासासाठी 'फेट' सिम्युलेशन्स : एका शिक्षकाचा अभिप्राय

शाळेतील तंत्रज्ञानाचा विषय निघाला की संवादी फलक, टॅब आणि वर्गणी भरून घ्यायचे व्हिडिओ-पाठ यांचीच चर्चा आधी होते. माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवताना मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन मात्र पूर्णपणे मोफत आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील 'फेट' प्रकल्पाने तयार केलेली सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर हाताळून पाहता येणाऱ्या प्रयोगांच्या प्रतिकृती, हे ते साधन. २००१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आरंभी केवळ भौतिकशास्त्रापुरता असलेला हा संग्रह आता रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि भूविज्ञानापर्यंत पोहोचला असून त्यातील अनेक सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत.

त्यातील विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नववीचे 'धाराविद्युत' हे प्रकरण शिकवताना त्याचा जितका उपयोग होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा होत असेल. पडद्यावर बॅटरी, बल्ब, रोध (धारेला अडथळा करणारा घटक), कळ आणि तारा ओढून आणायच्या व हवा तसा परिपथ जोडायचा, इतकी त्याची रचना सोपी आहे. नाणे, कागदाची क्लिप, खोडरबर यांसारख्या वस्तूही परिपथात जोडून पाहता येतात. एकसर (एकापुढे एक) जोडणीतला पहिला बल्ब धारा 'वापरून टाकतो' आणि उरलेली धारा दुसऱ्याकडे जाते, ही समजूत मुलांच्या मनात इतकी पक्की असते की फळ्यावरच्या आकृतीने ती हलत नाही. येथे मात्र तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, बल्बच्या आधी आणि नंतर त्यांचा वेग सारखाच असतो, आणि दोन्ही ठिकाणी ॲमीटर (धारा मोजणारे उपकरण) जोडला तर वाचनही तेच येते. इलेक्ट्रॉनऐवजी संकेतमान्य विद्युतधारा (धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असे मानलेली धारा) दाखवण्याची सोय असल्यामुळे दोन्हींच्या दिशा परस्परविरुद्ध का, हा मुलांचा नेहमीचा प्रश्नही तिथल्या तिथे हाताळता येतो. बॅटरीची दोन्ही टोके तारेने थेट जोडली की ज्वाळा दिसू लागतात. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जे करू देता येत नाही, ते येथे निर्धास्तपणे करू देता येते.

तरीही सिम्युलेशन नुसते चालवून दाखवले तर त्याचा चांगल्या व्हिडिओपेक्षा फारसा अधिक लाभ होत नाही. दुसरा बल्ब समांतर (वेगळ्या शाखेत) जोडल्यावर पहिल्याचा प्रकाश वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील, हे प्रत्येकाने आधी कारणासह वहीत लिहावे आणि त्यानंतरच कळ दाबावी, असा माझा आग्रह असतो. ज्याचे उत्तर चुकते तोच मग सर्वांत लक्षपूर्वक पाहतो.

मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. सिम्युलेशनमधल्या साध्या बल्बचा रोध स्थिर मानलेला असतो, तर खऱ्या बल्बमधील तारेचा रोध ती तापत जाते तसा वाढतो. तेथे जोडणी सैल राहत नाही आणि घट (सेल) उतरत नाही. म्हणून पडद्यावरचा परिपथ झाल्यावर खरा घट आणि खरे बल्ब मुलांच्या हाती द्यायलाच हवेत. समांतर जोडणीत बल्ब वाढवत गेल्यावर खऱ्या घटावर सर्वांचा प्रकाश थोडा मंदावतो आणि मुले विचारतात की पडद्यावर असे का झाले नाही. सिम्युलेशनच्या प्रयोगशाळा विभागात बॅटरीलाही खऱ्या घटाच्या आत असतो तसा अंतर्गत रोध देता येतो. तो वाढवला की पडद्यावरचे बल्बही तसेच मंदावतात. प्रयोग आणि प्रतिकृती यांतील हा फरक स्वतः शोधून काढण्यात मुलांचे जे शिक्षण होते, ते मला नुसत्या सूत्रापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

बारावीला शिकवणाऱ्यांनी लंबकाचे सिम्युलेशन अवश्य पाहावे. त्यात पृथ्वी, चंद्र आणि गुरू यांच्याबरोबर एक अज्ञात ग्रहही दिलेला आहे. लंबकाची लांबी आणि दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) मोजून त्या ग्रहाचे गुरुत्वत्वरण विद्यार्थ्यांनी स्वतः काढायचे असते. प्राथमिक वर्गांसाठी अपूर्णांकांचे सिम्युलेशन चांगले आहे.

भाषांतरे स्वयंसेवक करत असल्यामुळे सर्वांचा दर्जा सारखा नाही, आणि शिक्षकांसाठीच्या सूचना व कृतिपत्रिका बहुतांशी इंग्रजीत आहेत. त्या मराठीत करून एकमेकांना देण्याचे काम आपण शिक्षकांनीच हाती घ्यायला हवे.

इंटरनेट अखंड मिळत नाही अशा शाळांसाठी सर्वांत सोयीची बाब म्हणजे बहुतेक सिम्युलेशन्स प्रत्येकी एकाच फाईलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि ती फाईल पेन ड्राइव्हवरून कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. संगणक-कक्ष नसला तरी एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर एवढ्यावर संपूर्ण वर्गाचा तास होतो. मोबाईलवरील ॲपसाठी पैसे मोजावे लागतात, परंतु संकेतस्थळावर तेच विनामूल्य मिळत असल्याने शाळेला ते विकत घेण्याची गरज नाही.