पन्नाशीची सुप्राफॉनिक: क्रोम उडालं, आवाज जागेवर

जाहिरातीत 'कंडिशन एकदम टकाटक' असं लिहिलं होतं. शिकागोच्या उपनगरात एका गृहस्थाच्या गॅरेजमध्ये जाऊन बघतो तर लडविग कंपनीच्या सुप्राफॉनिक स्नेअरच्या (म्हणजे खालच्या अंगाला तारा ताणलेल्या ड्रमच्या) क्रोमवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. एका जागी नख लावलं तर पापुद्राच निघाला. खाली पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं. दिसलं करडं, म्हणजे ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे जुन्या सुप्राफॉनिकचं हे दुखणं म्हणजे घरोघरी मातीच्या चुली. आवाजाला काही होत नाही, पण घासाघीस करायला मात्र कामी येतं. साडेचारशे म्हणत होता, साडेतीनशे डॉलरला उचलली.

अंगावर कंपनीचा निळा-ऑलिव्ह बॅज, त्याचे कोपरे टोकदार, म्हणजे 1970 च्या दशकातली. तेव्हा लडविगचा कारखाना इथेच, डेमेन ॲव्हेन्यूवर होता. 1984 मध्ये तो नॉर्थ कॅरोलिनात मनरोला गेला. नक्की साल विचारू नका, लडविगच्या सिरियल नंबरांवर माझा पत्रिकेइतकाच भरवसा आहे.

घरी आणून पहिला ठोका मारला. पत्र्याचा डबा! उलटी करून पाहिली तर आधीच्या मालकाने खालीही वरचीच जाड स्किन (ड्रमचा पडदा) चढवलेली. खालची कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ हवी, नाहीतर तारा बोलणार कशा? दोन्ही बदलल्या: वर रेमोची कोटेड ॲम्बॅसडर, खाली त्यांचीच स्नेअर साइड.

मग ड्रम आवळायची चावी घेऊन बसलो. बाबा भजनाआधी तबला लावायचे ते आठवलं. एका घरावर हातोडी पडली की पुढची थेट समोरच्या घरावर. इथे घरांऐवजी दहा लग, म्हणजे स्किन आवळायच्या कडेच्या खुंट्या, बाकी रीत तीच. समोरासमोर थोडं थोडं आवळायचं, प्रत्येक लगच्या बोटभर आत काडीच्या टोकाने टकटक करत सूर मिळवायचा. पाऊण तास गेला. खालची वरच्यापेक्षा चढी ठेवली. रिमशॉट, म्हणजे काडी स्किनवर आणि कडेवर एकदम, मारला तर बायको वरून धावत आली, "काय फुटलं?" आणि घोस्ट नोट्स, म्हणजे मधले अगदी हलके ठोके? ताटात साबुदाणा सांडावा तशा, एकेक दाणा सुटा.

बँडमधली पोरं विचारतात, बॉनहॅमसारखी वाजते का? अरे, लेड झेपेलिनच्या त्या ड्रमरची सुप्राफॉनिक 402 मॉडेलची, साडेसहा इंच खोल, माझी 400 पाच इंची. शिवाय हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घरात रेकॉर्डिंग करताना त्याचा सेट जिन्याखालच्या प्रवेशद्वाराच्या हॉलमध्ये होता आणि माइक वर जिन्यात टांगलेले. त्या आवाजात निम्मा वाटा घराचा. माझ्या बेसमेंटमध्ये डोक्याला टेकेल असं छत आणि शेजारी वॉशिंग मशीन.

तक्रारी दोन. आतला मफलर (आवाजाची गुंज दाबणारा) खडखडायचा, काढून टाकला. तारा ताणून धरणारा स्ट्रेनर मात्र खरा वैताग: गाणं रंगात आलं की तारा आपोआप सैल पडतात. नवा मागवलाय. जुना डब्यात जपून ठेवणार, पुढेमागे विकताना गिऱ्हाईक ओरिजिनलच मागतं. चावी हातात धरायचा कंटाळा असेल तर नवी कोरी घ्या, ही तुमच्यासाठी नाही.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला मुद्दाम आणखी चढी लावून नेली होती. साउंडचेकला दोन रोल मारले तर पहिल्या रांगेतले एक काका उठून स्टेजपाशी आले, "ताशा कुठून मिळवलास रे इथे?"