लाल रक्तपेशींच्या आवरणातील मेदाम्लांची तपासणी : आकडे नेमके, खुलासा अपुरा

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहातून बरा झाल्यावर एका प्रयोगशाळेकडून मी ही तपासणी करून घेतली. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगत असल्याने त्यांच्या आवरणातील मेद कालपरवाच्या जेवणाचे नव्हे, तर गेल्या काही महिन्यांच्या आहाराचे चित्र दाखवतात, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वायुरूपात वेगळे करण्याच्या पद्धतीने) मोजलेले प्रत्येक मेदाम्लाचे शेकडा प्रमाण अहवालात नीटसपणे मांडले होते. खटकले ते स्पष्टीकरण. या आजारात फॉस्फोलिपेज ए2 हे विकर (एन्झाइम) वाढते आणि ते पेशीआवरणातील फॉस्फोलिपिडांचे (आवरण ज्यांचे बनते त्या फॉस्फरसयुक्त मेदांचे) विघटन करू शकते; म्हणून ऐन दाहात घेतलेल्या नमुन्याचा अर्थ निव्वळ आहारावरून लावणे धोक्याचे, याचा एका ओळीतही उल्लेख नाही. उलट, ओमेगा-3 निर्देशांक (आवरणातील एकूण मेदाम्लांत ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-3 मेदाम्लांचा वाटा) 8 टक्क्यांखाली दिसताच पूरक गोळ्यांची शिफारस छापून मोकळे! नमुना साठवण्याविषयीच्या माझ्या प्रश्नाला मात्र तत्पर आणि समाधानकारक उत्तर मिळाले.

स्वादुपिंडाच्या दाहाच्या निदानासाठी या तपासणीचा उपयोग नाही. तेथे विशिष्ट पोटदुखी, रक्तात सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून वाढलेले लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडाची पाचक विकरे) आणि स्कॅनमधील खुणा यांपैकी दोन गोष्टी पुरतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक मेद) वाढल्यामुळे दाह झाल्याची शंका असेल, तर साधी लिपिड प्रोफाइलच (रक्तातील मेदांची नेहमीची तपासणी) आधी करावी.