निळ्या बर्फासाठी त्रेत्याकोव कलादालनात

मॉस्कोच्या लाव्रुशिन्स्की गल्लीतील त्रेत्याकोव कलादालनात येणारे बहुतेक पर्यटक जुनी धर्मचित्रे आणि रेपिन, सूरिकोव यांची मोठमोठी ऐतिहासिक चित्रे पाहून बाहेर पडतात. मी तिथे दोन दिवस गेले ते रशियन चित्रकारांनी दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम, म्हणजे वस्तूवर पडलेला क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणारी चित्रशैली) आपलासा कसा केला, हे मूळ चित्रांसमोर उभे राहून पाहण्यासाठी. पहिल्या दिवशी एका पर्यटन संस्थेच्या मार्गदर्शकाबरोबर केलेला दीड तासाचा फेरफटका जवळजवळ वाया गेला, कारण कोरोविनच्या चित्रांसमोर आमचा गट अर्धा मिनिटही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी एकटी गेले आणि फक्त चार-पाच चित्रे पाहिली. या दालनाविषयी माझे जे मत बनले, ते त्या दुसऱ्या दिवसाचे आहे.

इगोर ग्राबारचे ‘फेब्रुवारीची निळाई’ हे 1904 सालचे चित्र माझ्या घरी कित्येक वर्षे छापील प्रतीच्या रूपात टांगलेले आहे. ऑनलाइन मागवलेल्या त्या प्रतीत आकाश एकसारखे निळे आहे आणि भूर्जवृक्षाचे खोड पांढरे. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर यातले काहीच खरे नाही, हे ध्यानात आले. सुमारे 141 सेंटिमीटर उंच आणि 83 सेंटिमीटर रुंद असलेल्या या कॅनव्हासवर खोडाच्या पांढऱ्यात गुलाबी, पिवळसर, जांभळट आणि फिकट हिरवे असे जाडसर फटकारे एकमेकांना खेटून बसलेले आहेत. आकाश माथ्यावर गडद निळे असून खाली क्षितिजाकडे येता येता हिरवट निळे होत जाते, आणि हा बदल रंग एकमेकांत घोटून साधलेला नाही, तर शेजारी शेजारी ठेवलेल्या लहान लहान फटकाऱ्यांनी साधलेला आहे. हातभर अंतरावरून नुसता रंगाचा खडबडीत पृष्ठभाग दिसतो. आठ-दहा पावले मागे सरकले की तोच पृष्ठभाग कडाक्याच्या थंडीतले लख्ख ऊन होतो. छपाईत रंगाची ही जाडी जाते आणि तिच्याबरोबर ऊनही जाते.

हे चित्र कसे घडले, याची ग्राबारने स्वतः सांगितलेली हकिकत माहीत असेल तर ते अधिक उलगडते. मॉस्कोजवळच्या दुगिनो येथे मेश्चेरिन या चित्रकार-मित्राच्या वाडीवर तो राहत होता. हातातली काठी खाली पडली म्हणून तो वाकला, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतून वर पाहताना त्याला तो भूर्ज आकाशावर रेखलेला दिसला. तेवढ्याच खालून पाहता यावे म्हणून त्याने खोल बर्फात खंदक खणला आणि चित्रफलक घेऊन त्यात उतरला. छत्री निळ्या रंगाने रंगवून घेतली. कॅनव्हास नेहमीसारखा जमिनीकडे झुकवून न ठेवता आकाशाच्या निळाईकडे तोंड करून ठेवला, म्हणजे उन्हात तळपणाऱ्या बर्फाचे प्रतिबिंब त्यावर पडू नये. कॅनव्हास असा थंड सावलीत राहिल्यामुळे रंगाचा जोर तिप्पट करावा लागला, असे तो सांगतो. क्षितिज इतके खाली का आहे आणि झाड आपल्यावर ओणवल्यासारखे का वाटते, याचे उत्तर त्या खंदकात आहे.

याच ग्राबारने पुढे 1913 पासून 1925 पर्यंत या कलादालनाची धुरा वाहिली आणि चित्रांची मांडणी ऐतिहासिक क्रमाने लावून दिली. पावेल त्रेत्याकोव यांनी 1892 मध्ये मॉस्को शहराला दिलेला हा संग्रह आज एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना कालक्रमाने उलगडतो, त्याची सुरुवात त्याने केली. ज्याने स्वतः हातात कुंचला धरला आहे, त्याने इतरांची चित्रे लावावीत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

वालेंतिन सेरोवचे ‘पीच फळांसह मुलगी’ (1887) पाहायला गर्दी असते आणि ती रास्त आहे. अब्राम्त्सेवो येथील मामोंतव कुटुंबाच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसलेली वेरा ही अकरा-बारा वर्षांची मुलगी खेळता खेळता क्षणभर टेकली आहे, असे वाटते. प्रत्यक्षात बावीस वर्षांच्या सेरोवने तिला महिन्याहून अधिक काळ पुनःपुन्हा बसवले होते, कारण निसर्गात जाणवणारा टवटवीतपणा त्याला चित्रात हवा होता, पण काम मात्र जुन्या गुरूंसारखे पूर्णत्वाला न्यायचे होते. हा हट्ट माझ्या मते रशियन दृक्प्रत्ययवादाचे मर्म आहे. मागच्या खिडकीतून येणारा थंड प्रकाश मुलीच्या गुलाबी पोशाखात करडा-निळसर होतो, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या पांढऱ्यात आजूबाजूचे सगळे रंग उतरतात, आणि तरीही चेहरा विरघळत नाही. ती कोण आहे, कोणत्या स्वभावाची आहे, हे चित्रकार एकदाही विसरलेला नाही. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी मोनेच्या उत्तरकाळातील चित्रांत वस्तू प्रकाशात हरवते. इथे प्रकाश माणसाच्या सेवेला असतो. टेबलावरच्या फळांशेजारी पडलेली मेपलची पाने आणि सुरी जरूर पाहावीत. सुरीचे पाते अगदी मोजक्या रंगलेपनात उभे केले आहे.

कोन्स्तांतिन कोरोविनकडे लोक कमी थांबतात, याचे मला वाईट वाटते. खार्कोवमध्ये एका बागेतल्या सज्जावर रंगवलेल्या ‘समूहगायिकेचे व्यक्तिचित्र’ या छोट्या कामावर 1883 हे साल आहे. कोरोविनने लिहून ठेवले आहे की, हे तर केवळ रंगकामासाठी केलेले रंगकाम आहे, असे रेपिन म्हणाला आणि चित्रकार पोलेनोवने ते प्रदर्शनातून काढून घ्यायला सांगितले. बाई सुंदर नाही, हेही कोरोविन मोकळेपणाने नोंदवतो. निळ्या पोशाखावर पडलेली बागेची हिरवी झाक आणि अर्धवट सोडलेला हात पाहताना, रशियात त्या काळी हे किती अनोळखी वाटले असेल, याचा अंदाज येतो. समाजाला काही सांगणारे, कथा असलेले चित्र हीच तिथली प्रतिष्ठित परंपरा होती आणि या चित्रात तर कसलीच कथा नाही. त्याची पॅरिसची चित्रेही इथे आहेत, मात्र मला ती या गायिकेपुढे जरा सराईत हाताची वाटली.

लेवितानचे ‘मार्च’ (1895) त्याच संध्याकाळी शेवटी पाहिले. पिवळ्या भिंतीच्या घरासमोर घसरगाडीला जुंपलेला घोडा उभा आहे, माणूस कुठेच नाही, दार मात्र उघडे आहे. बर्फावरच्या सावल्या निळ्या आहेत, कारण सावलीतल्या बर्फाला उजेड मिळतो तो फक्त आकाशाचा. पुस्तकांच्या मराठी अनुवादांतून आमच्या पिढीने ज्या रशियन बर्फाची कल्पना केली, तो पांढरा होता.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. त्रेत्याकोव्स्काया मेट्रो स्थानकावरून कलादालन पायी काही मिनिटांवर आहे आणि सोमवारी ते बंद असते. विसाव्या शतकातला मोठा संग्रह क्रीम्स्की वाल येथील दुसऱ्या इमारतीत आहे, म्हणून दोन्हींची सरमिसळ एका दिवसात करू नये. प्रसिद्ध चित्रे अधूनमधून अन्य प्रदर्शनांसाठी बाहेर जातात, तेव्हा एखाद्याच चित्रासाठी जाणार असाल तर आधी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. सकाळी दार उघडताच आत शिरावे आणि ‘फेब्रुवारीची निळाई’पासून मागे मागे चालत जायला मोकळी जागा असेल, तेवढ्या वेळात ते आधी पाहून घ्यावे.