अख्खा ओंडका की घरटी एक फळी?

जळगावच्या आमच्या कॉलनीत वादळात कडुनिंब पडला आणि ओपन स्पेसमध्ये टोटेम खांब, म्हणजे कुळाची चिन्हं कोरलेला उंच खांब, कोरायची टूम निघाली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हैडा लोक असे खांब लाल सिडारच्या एकाच खोडातून कोरतात. असा खांब देखणा असतो, यात वाद नाही. पण सिडार मऊ, सरळ रेषेचा, कुजायला चिवट. आमचा निंब पिळाचा, गाठींचा. ओला कोरला तर वाकस (लाकूड तासायचं हत्यार) छान चालतो, पण मेच्या पंचेचाळीस अंशांत वाळताना गाभ्यापर्यंत भेग जाणार. आणि एका खांबाशी एका वेळी हात लागणार तीन-चार जणांचेच. बाकीचे चहा पीत सूचना देणार.

दुसरा मार्ग न्यूझीलंडच्या माओरी या मूळनिवासी लोकांच्या सभागृहाचा. तिथे आढं म्हणजे पूर्वजाचा कणा, वासे म्हणजे बरगड्या, आणि भिंतीलगत कोरीव फळ्या. तसं घरटी एक सागाची फळी घेतली, तर पटाशी प्रत्येकाच्या हातात येते. फळी बिघडली तरी एकच बिघडते. सागाला पैसे जास्त पडतील, तेवढं खरं.

नक्कल मात्र दोन्हीकडे नको. हैडांचा कावळा, गरुड ही कुळांची चिन्हं, मालकीची. आपण केळीचा घड, घोरपड, आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा नारळ कोरावा. निंबाच्या ओंडक्यावर बसलेल्या आजींनी विचारलंच, “हाऊ देव शे का?” (हा देव आहे का?)

माझं मत फळ्यांना. ओंडका बसायला राहू द्या.