वारसाहक्काचा सल्ला, पणजी: समजावणं फर्स्ट क्लास, फीचं आधी विचारून घ्या

बाबा गेल्यावर वाटण्यांसाठी पणजीतल्या एका वकिलांकडे गेलो, ऑफिसचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. पण वकील एक नंबर! आम्ही धरून चाललेलो की आई, दादा, मी असे तीन सारखे भाग. तर म्हणाले, थांबा, अर्धं आईचंच आहे, ते वारसा म्हणून नाही, लग्न झालं तेव्हापासूनचं, आणि बाबांचं जे अर्धं ते तुम्हा दोघांत सारखं. वर फोंड्याचा गाळा बाबांनी हयातीत दादाच्या नावावर केलेला, बक्षीसपत्रात तशी सूट लिहिलेली नसेल तर तोही दादाच्या हिश्श्यात धरायचा. दादा गप्पच झाला 😄

मग त्यांनी गरम न होता सांगितलं की हा नियम मूळ रोमन लोकांचा, बापाकडून आधी मिळालेलं वाटणीच्या वेळी हिशेबात आणायचं. तिथून तो पोर्तुगालच्या १८६७ च्या सिव्हिल कोडमध्ये आला, १८७० पासून गोव्यात लागू, पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवीन कोड केला तरी आपल्याकडे जुनाच राहिला, आता वारसाहक्काचं सगळं गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे. मृत्युपत्र केलं तरी निम्मी इस्टेट मुलांसाठी राखीव, हेही रोमनच, रोमन सम्राट जस्टिनियनने ६व्या शतकात चारपर्यंत मुलं असतील तर एक तृतीयांश आणि त्याहून जास्त असतील तर निम्मी अशी ठेवलेली. पुण्याच्या मावशीला हे पटतच नव्हतं, तिकडे स्वकमाईचं सगळं एकालाच लिहून देता येतं ना. नवरा-बायकोचं अर्धं-अर्धं मात्र रोमन नाही हां, तो पोर्तुगीजांचा जुना रिवाज. ठाण्याच्या फ्लॅटलाही गोव्याचाच कायदा लागणार, २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

आता तक्रार. फी विचारली की "बघू नंतर", आणि शेवटी बिलात ड्राफ्टिंग वेगळं, झेरॉक्स वेगळी. क्लार्कने जन्मदाखले, लग्नाचे दाखले दोनदा मागितले, पहिला सेट कुठे गेला देव जाणे. वहिनीची आणि माझ्या नवऱ्याचीही सही लागते हे आदल्या संध्याकाळी कळवलं, तो बिचारा बेळगावहून रात्रीच्या बसने आला.

पाचपैकी साडेतीन. आईचं मृत्युपत्र इथेच करणार, पण फी आधी कागदावर लिहून घेऊन.