‘सगळं लोकल आहे सर’ म्हणून आईच्या घरात बसवलेलं स्मार्ट होम

आई सांगलीला एकटी राहते, मी पुण्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री अंधारात बटण चाचपडत जाणं तिला जमेना. म्हणून दिवे, दाराचा सेन्सर आणि हॉलमध्ये एक कॅमेरा बसवायचं ठरवलं. माझी अट एकच होती. आई कधी उठते, कधी झोपते, कोण येतं-जातं, यातलं काहीही कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाता कामा नये. दुसरीही धास्ती होती. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद झाले आणि ग्राहकांचं ॲप निकामी झालं. आईचे दिवे तसे कुणाच्या मर्जीवर नको होते.

ओळखीतून एक इन्स्टॉलर मिळाला. पहिल्याच फोनवर म्हणाला, “आपलं सगळं लोकल असतं सर. डेटा घराबाहेर जातच नाही.” कोटेशन ८६,००० रुपयांचं, शिवाय दरवर्षी ६,५०० रुपये ‘सॉफ्टवेअर लायसन्स’. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावून उगाच महाग पडेल. मी कच्च्या बिलावर पैसे दिले. काम दोन दिवस चाललं, आईने त्याला दोन्ही दिवस जेवू घातलं.

महिनाभराने आई फोनवर म्हणाली, “अरे, तो कॅमेरा मान वळवतो. मी देवघरापाशी बसले की तिकडे बघतो.” मी म्हटलं, हालचाल दिसली की वळतो तो, घाबरू नकोस. तेव्हाच तिचं ऐकायला हवं होतं. ती मात्र रोज संध्याकाळी त्याच्यावर हात पुसायचं फडकं टाकायला लागली.

मग एकदा सहज ॲपमधलं लॉगबुक उघडलं. कुठला दिवा कधी लागला आणि कुणी लावला, याची तिथे ओळीने नोंद असते. रात्री ११:४० ला हॉलचा दिवा चालू, लावणारा ‘सर्व्हिस’. या नावाचं घरात कुणी नाही. इन्स्टॉलरला विचारलं तर, “टेस्टिंग करत होतो सर.” रात्री पावणेबाराला, न विचारता, आईच्या घरात.

गणपतीला सांगलीला गेलो तेव्हा वायफाय चालू ठेवून फक्त फायबरची वायर काढली. ॲपमधले नऊपैकी सहा दिवे क्षणात ‘उपलब्ध नाही’ झाले. कॅमेरा पूर्ण बंद. म्हणजे आईच्या खोलीतला दिवा लावायचा हुकूम परक्या सर्व्हरला वळसा घालून परत येत होता. यावर त्याचं उत्तर, “सर, डिव्हाइस क्लाउडची असतात, कंट्रोल लोकल आहे.”

टीव्हीमागचा डबा उघडला. आत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर. ते २०१३ पासून मोफत आहे, २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. पैसे भरून घ्यायची एक ऐच्छिक सेवा आहे, पण दरवर्षीचं लायसन्स असा प्रकारच नाही. माझ्या लॉगिनमध्ये सेटिंग्जचा मेनू का दिसत नव्हता, तेही तेव्हा कळलं. ॲडमिन खातं त्याचं होतं, मी नुसता वापरकर्ता. कॅमेराही त्याच्या ईमेलवर नोंदवलेला, आम्हाला त्याने फक्त ‘शेअर’ केला होता. आईच्या हॉलचा मालक तो होता आणि आम्ही पाहुणे. पासवर्ड मागितला तर म्हणाला वॉरंटी जाईल. लायसन्सचे पैसे थांबवल्यावर दोनच दिवसांत माझं लॉगिन बंद झालं.

असं काम करून घेणार असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यादेखत इंटरनेटची वायर काढा आणि प्रत्येक दिवा ॲपवरून लावून बघा. लोकल असेल तर लागेलच. ॲडमिन खातं तुमच्या हाताने, तुमच्या पासवर्डने उघडून घ्या आणि वापरकर्त्यांच्या यादीत आणखी कोण आहे ते बघा. होम असिस्टंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक उपकरणाच्या जोडणीच्या पानावर ती ‘लोकल’ आहे की ‘क्लाउड’ ते लिहिलेलं असतं; कोटेशनमधल्या प्रत्येक वस्तूचं नाव तिथे शोधा. कॅमेरा ऑनव्हिफ आणि आरटीएसपी (कंपनीच्या ॲपशिवाय कॅमेरा जोडायच्या, बघायच्या खुल्या पद्धती) चालणारा घ्या, आणि राउटरमध्ये त्याचं इंटरनेट तोडून टाका. बिल पक्कंच.

मी त्या डब्यातलं मेमरी कार्ड पुसून सगळं नव्याने बसवलं, यूएसबीवर झिगबीचा (इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालणाऱ्या बिनतारी जोडणीचा) डोंगल लावला, ते सहा स्विच बदलले. पुण्याहून बघायला वायरगार्ड हे थेट घराशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन वापरतो, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही. या सगळ्याला आणखी १९,००० लागले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. हातात कच्चं बिल, जीपेच्या नोंदी आणि ‘सगळं लोकल आहे’ हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

नवा कॅमेरा दाराबाहेर आहे. हॉलमध्ये परत लावू का, असं आईला विचारलं होतं. नको म्हणाली. भिंतीवर जुन्या कॅमेऱ्याची दोन भोकं होती, त्यावर तिने कालनिर्णय लावलंय.